बाहेरून कल्हई

हार्डडिस्क अजून चालते. फोल्डरचं नाव: अनसूयाबाई मूळ.
आज सकाळी उघडलं, का ते विचारू नका.
हेडफोनात आधी काहीच नाही,
मग पंखा बंद केल्यावरची शांतता,
मग खालून, लांबून,
ठण्.
ठण् ठण्.

भद्रकालीच्या मागं, तांबट गल्लीत, दुसऱ्या मजल्यावर
भिंतींना गोधड्या टांगून आम्ही खोली बंद केली होती
तरी येतच राहिला त्यांच्या भावाचा, रंगनाथचा, हातोडा.
अर्धा तास थांबवता का त्यांना, मी विचारलं.
बाई म्हणाल्या, "थांबवलं तर मी गाऊ कशावर?"
मी हसलो. मला वाटलं, गंमत करताहेत.

सत्तरीचा आवाज. काठाला जरा चेपलेला.
वर जाताना एक चीर पडायची
आणि चिरेतून श्वास आत जाताना ऐकू यायचा,
गरम चहाचा पहिला घोट घ्यावा तसा.
गाणी सासूची, सासूच्या सासूची,
भाता ओढता ओढता बायकांनी म्हटलेली.
तिसऱ्या गाण्यात दुसऱ्या कडव्यानंतर
त्या शब्द विसरतात. थांबतात.
खाली हातोडाही थांबतो.
मधे एक जिना, दोन दारं, माझ्या गोधड्या.
मग त्यांना आठवतं
आणि दोघं एकदमच समेवर येतात.
माझ्या अंगावर काटा आला होता.
निकुंभसाहेबांना हे मी सांगितलं नाही.

साहेबांचा स्टुडिओ कॉलेज रोडला, काचेच्या दाराचा.
माणूस वाईट नव्हता. पैसे वेळेवर, वर मिसळ.
म्हणाले, आवाज सोनं आहे, फक्त जरा
उजेडात आणू.
मग आम्ही आणला.
चीर बुजवली. गंधार थोडा खालीच टेकून बसायचा,
त्याला दंड धरून खुर्चीत ताठ बसवला.
श्वास कापले. एकशे चौदा. मीच कापले,
मोजले होते म्हणून आठवतात.
मागे बासरी आली, बासरी येतेच.
गाभाऱ्यात गाताहेत असं वाटावं म्हणून घुमारा वाढवला,
तर बाई आडात पडल्यासारख्या.
आणि सगळं मोठ्यानं, पहिल्या ओळीपासून शेवटच्या,
हळू बोलायला जागाच ठेवली नाही.
मठारलेल्या तांब्यावर लाटणं फिरवावं
तसं झालं ते, पण चकाकत होतं, खोटं कशाला बोलू.

हातोडा पुसायला दोन रात्री गेल्या.
तिसऱ्या दिवशी साहेब डोळे मिटून ऐकत म्हणाले,
काहीतरी कमी पडतंय रे. मातीचा टच हवा.
मग लायब्ररीतून एक ठोका काढला,
नावावरून कळलं, नॉर्वेतल्या कुठल्याशा लोहाराची ऐरण.
तो बसवला दर चौथ्या मात्रेवर.
एकदाही चुकला नाही.

सीडी द्यायला मी एकटाच गेलो.
बाईंनी तीन गाणी ऐकली, हात मांडीवर, ताल न धरता.
"गोड आहे," म्हणाल्या. "कोण गातंय?"
रंगनाथ बोलणारा नव्हे.
हातातलं घंगाळ फिरवत राहिला, मग म्हणाला,
"कल्हई आतून करतात, भाऊ.
तुम्ही बाहेरून केलीत."

बाई गेल्या त्याला सहा वर्षं झाली.
दहाव्याला गंगेवर कुणा पुतण्यानं मोबाइलवर तेच लावलं,
बासरीवालं.
कावळा शिवायला फार वेळ लागला.
मी काही म्हणत नाही.

तर आज सकाळी, तिसरं गाणं.
दुसरं कडवं संपलं. त्या विसरल्या आहेत.
खालीही गप्प.
कुणीतरी जिन्यात चप्पल काढतंय, हे मला कधीच ऐकू आलं नव्हतं.
चहा निवतोय.
आवाज वाढवायला गेलेला हात
मी मागे घेतलाय.